हवेचा हिशेब

गाडी पेट्रोलवर चालते, अशी वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती. ती माझ्या एकट्याची नव्हे, आमच्या घराण्याचीच होती. वडिलांनी गाडी घेतली त्या दिवसापासून पेट्रोलचा हिशेब एका निळ्या वहीत लिहिला. तारीख, लिटर, रुपये, पैसे आणि शेवटच्या रकान्यात 'कोठे गेलो'. त्या वहीत हवेचा उल्लेख एकदाच येतो, तोही टायरमध्ये भरलेल्या हवेचा, आणि तोही तिचे पैसे पडले म्हणून. जी वस्तू फुकट मिळते तिचा हिशेब ठेवायचा नाही, हा आपला मध्यमवर्गीय बाणा. पाणी फुकट होते तोवर आपण पाण्याचा तरी कुठे ठेवला होता?

माझा भाचा मात्र म्हणतो, "मामा, इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. पेट्रोल हे नुसतं तोंडीलावणं."

हा भाचा चाकणच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनांच्या नाड्या पाहतो. त्याने मला हिशेब करून दाखवला. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे अकरा किलोच्या आसपास हवा. ती घनफळात मोजली तर भरते नऊ हजार लिटर! दोन मीटर बाय दीड मीटरचे स्वयंपाकघर असेल, तर त्यातली जमिनीपासून छतापर्यंतची सगळी हवा एका लिटरमागे खलास. मी पस्तीस वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरी केली. एका खात्याची इतकी मोठी रक्कम वहीतून गळाली आहे, हे कळल्यावर मला रात्री झोप लागेना.

आता मुळात हा हवेचा विषय आमच्या घरात शिरला कसा, ते सांगतो.

माझी थोरली बहीण जामसरला राहते. जामसर म्हणजे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातले गाव. (जिल्हा पालघर झाला तो १ ऑगस्ट २०१४ पासून. त्याआधी ते ठाणे जिल्ह्यात होते, आणि मी ठाण्याचा. त्यामुळे ताई आपल्याच जिल्ह्यात आहे हे एक समाधान होते. सरकारने तेही काढून घेतले.) ताईने हयात शाळा-मास्तरकीत घालवली, आणि निवृत्त झाल्यावर "आता इथून कुठे जायचं?" असे म्हणून तिथेच राहिली. दर भाऊबिजेला मी तिच्याकडे जातो. आणि जातो तो वडिलांच्या गाडीने. कारण ताई लग्न होऊन सासरी गेली ती ह्याच गाडीतून. पुढच्या सीटवर वडील, त्यांच्या शेजारी ड्रायव्हर म्हणून काका, आणि मागे नवरानवरीच्या मध्ये मुंडावळ्यांपेक्षाही घट्ट बसवलेला मी.

गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. बिचारीची चाळिशी उलटून गेली आहे, आता बदनामी कशाला? त्यातून ज्या दोषांबद्दल मी पुढे लिहिणार आहे, ते सगळे माझ्या हातचे आहेत. एवढेच सांगतो, की तो काळ गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा होता. गाडीचा नंबर लागल्याचे पत्र आले तेव्हा आजीने देवापुढे साखर ठेवली होती.

तर गेल्या वर्षीची भाऊबीज. विक्रमगड मागे पडले, जव्हारचा चढ सुरू झाला, आणि गाडी वळणावळणावर बंद पडू लागली. वळण आले की मी पाय उचलायचा, पाय उचलला की इंजिनाने मान टाकायची. मी कुठेतरी वाचले होते, की उंचावर हवा विरळ होते आणि कार्बोरेटरमधले मिश्रण जाड होते. अशा वेळी मिश्रणाचा स्क्रू थोडा पिळावा. अर्धवट ज्ञान आणि पूर्ण स्क्रूड्रायव्हर ह्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हाती कधी देऊ नयेत. मी बॉनेट उघडून स्क्रू पिळला. गाडी अधिकच कण्हू लागली. पुन्हा पिळला. तिसऱ्या वळणावर तिने काळा धूर सोडून माझा निषेध केला. शेवटी एका टेम्पोवाल्याने दोरी लावून ओढत आणले, तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.

ताई ओसरीवर बसली होती. समोर पाट, रांगोळी, तबकात निरांजन. संध्याकाळपासून त्यात तीनदा तूप घातले होते. ती जेवली नव्हती. तिने ओवाळले, तोंडात लाडू घातला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी एस्टीने ये हो."

रागावली असती तर बरे वाटले असते.

घरी परतल्यावर आमच्या हिने विषय काढला. "अहो, भंगारवाला बरा भाव देतोय." मी भाच्याला फोन केला. त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, स्क्रू कोणत्या बाजूला पिळलात?"

"डावीकडे."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने मला समजेल अशा बेताने सांगितले, की जव्हारची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर. तिथे हवा फार तर पाच टक्क्यांनी विरळ होते, आणि तेवढ्याने कार्बोरेटरचे मिश्रण दोन-अडीच टक्के जाड होते. महाबळेश्वरला तेराशे-चौदाशे मीटरवर हाच प्रकार सात-आठ टक्क्यांपर्यंत जातो. दोन टक्क्यांनी कोणतीही गाडी मरत नाही. बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के मी स्वतः केले होते. मिश्रण पातळ करायला स्क्रू आत, म्हणजे उजवीकडे, घ्यायचा असतो. मी तो बाहेर काढत गेलो. अजीर्ण झालेल्या माणसाला मी आग्रहाने श्रीखंड वाढत होतो.

त्या फोननंतर मी हवेच्या मागे लागलो. निवृत्त माणसाला एकदा विषय मिळाला की घरच्यांची सुटका नसते. जे काही हाती लागले ते इथे मांडतो.

हवा मोजायची कशी, हा प्रश्न इंजिनाच्या आधीचा आहे. इटलीत व्हेंचुरी नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. अरुंद गळ्यातून जाताना वाहत्या पदार्थाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, ह्यावर त्यांनी १७९७ मध्ये लिहिले. त्याला नव्वद वर्षे झाल्यावर अमेरिकेतल्या हर्शेल नावाच्या इंजिनियराने ह्याच तत्त्वावर पाण्याचे मीटर केले. दोघांनाही पेट्रोलशी कर्तव्य नव्हते. परंतु १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख यांनी, आणि बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका या जोडगोळीने, तेच तत्त्व पेट्रोलला लावले. हवेच्या वाटेत अरुंद गळा करायचा, गळ्यात दाब कमी होतो, शेजारच्या वाटीतले पेट्रोल आपोआप ओढले जाते. झाला कार्बोरेटर. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, हवा कमी तर पेट्रोल कमी. वाढपी नाही, पंगत आपापली जेवते.

ह्यात एकच गोम होती. कार्बोरेटर हवा मोजत नाही, अंदाज करतो. हवेच्या वाहण्याचा धक्का त्याला कळतो, तिचे वजन कळत नाही. उन्हाळ्यातली तापलेली हवा, पावसाळ्यातली ओली हवा, घाटावरची विरळ हवा, ह्या सगळ्या त्याच्या दृष्टीने जवळपास सारख्याच. भाजीवालीने वजनकाट्याऐवजी पिशवीच्या आकारावर भाव लावावा तसे.

तरी ह्या अंदाजावर जगाने शंभर वर्षे काढली. आपल्या मुंबईने तर त्यावर टॅक्सी चालवली. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेल्या त्या काळ्यापिवळ्या पद्मिनी, आणि त्यांची पोटे दुरुस्त करणारे नाक्यानाक्यावरचे मिस्त्री! २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा एका गाडीबरोबर एक विद्याही उतरली. आमच्या ठाण्याला एक उस्ताद होते. त्यांच्याकडे मोजायचे यंत्र एकच, उजवा कान. स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला, डोळे मिटायचे, आणि डाव्या हाताने स्क्रू फिरवायचा. मग एक प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, आणि बिस्किटासारखा म्हणजे बरोबर. "साहेब, ग्लुकोज बिस्कीट मंगता है," असे ते म्हणत. वडिलांच्या वहीत त्यांच्या मजुरीचा आकडा आहे. त्या पैशात आज बिस्किटाचा पुडाही येणार नाही.

अंदाजाची खरी पंचाईत झाली ती आकाशात. १९४० साली इंग्लंडवर विमानांची लढाई चालू होती. जर्मन विमानांच्या इंजिनात पेट्रोल पिचकारीने दाबून सोडत. इंग्रजांच्या स्पिटफायर आणि हरिकेनना कार्बोरेटर होता. शत्रू नाक खाली करून सूर मारी, आणि त्याच्या मागोमाग इंग्रज वैमानिकाने तसेच केले की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल वर उसळे. इंजिनाची आधी उपासमार, मग अजीर्ण, आणि नेमक्या त्या क्षणी ते बंद! ह्यावर इलाज काढला तो बिएट्रिस शिलिंग ह्या बाईंनी. त्या फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत इंजिनियर होत्या आणि सुट्टीत मोटारसायकलच्या शर्यती मारत. मध्ये भोक असलेली एक छोटीशी धातूची चकती त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवली. इंजिनाला पूर्ण शक्तीसाठी लागेल तेवढेच पेट्रोल त्या भोकातून जाई, पूर येत नसे. १९४१ मध्ये ती चकती विमानांना बसवत त्या तळातळावर फिरल्या. हे वाचून दाखवल्यावर आमची ही म्हणाली, "म्हणजे जास्त वाढायचं नाही, एवढंच ना? त्यासाठी इंजिनियर कशाला हवी?"

युद्ध संपल्यावर पिचकारी मोटारीत आली. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ती पंपाने चालणारी होती. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने विजेवर उघडझाप करणारी पिचकारी जाहीर केली. कल्पना चांगली, पण तेव्हाची विजेची उपकरणे तिला पेलेनात. ती कल्पना बॉशने पुढे नेली आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनमध्ये बसवून दाखवली. कारण प्रेमाचे नव्हते, कायद्याचे होते. अमेरिकेत धुराचे नियम आले होते, आणि अंदाजाने वाढणाऱ्याला आता कोणी उभे करीना.

पिचकारी किती वेळ उघडी ठेवायची हे ठरवायला हवा किती आली ते कळले पाहिजे. इथे दोन घराणी झाली. गाण्यात असतात तशी.

पहिले घराणे हवा प्रत्यक्ष मोजणारे. आधी त्यांनी हवेच्या वाटेत एक झडप टांगली. हवेने ती जितकी ढकलली तितकी हवा. पुढे १९८० नंतर तापलेली तार आली. प्लॅटिनमची बारीक तार विजेने गरम ठेवायची. हवा तिच्यावरून जाते आणि तिला निववते. तिला पुन्हा तितकीच गरम ठेवायला किती वीज लागली, ह्यावरून हवेचे वजन काढायचे. हे मला चटकन कळले, कारण मी अजून बशीत चहा पितो. फुंकर किती मारली हे चहा किती निवला ह्यावरून सांगता येते, एवढाच तो सिद्धांत. इंजिन बंद केल्यावर ती तार क्षणभर लालबुंद करून तिच्यावरची धूळ जाळून टाकत. भांडी घासून मगच झोपणाऱ्या गृहिणीसारखे.

दुसरे घराणे हवा मोजतच नाही, हिशेबाने काढते. सिलिंडरचे घनफळ ठाऊक, फेरे ठाऊक, आत जाणाऱ्या नळीतला दाब मोजला, हवेचे तापमान मोजले, की दाब गुणिले घनफळ भागिले तापमान. बॉईलसाहेबांचा १६६२ चा दाबाचा नियम आणि त्याचे नंतरचे भाऊबंद. शाळेत हे सूत्र फळ्यावर पाहिले तेव्हा ह्याचा आयुष्यात काय उपयोग, असे मी मास्तरांना विचारले होते. उत्तर म्हणून छडी मिळाली. खरे उत्तर पन्नास वर्षांनी मिळाले.

परंतु ह्या हिशेबात एक मेख आहे. सिलिंडर दर वेळी पोटभर जेवत नाही. झडपा उघडायला वेळ लागतो, नळ्यांत हवा अडखळते, संथ चालताना निराळे, जोरात पळताना निराळे. एकूण जागेच्या किती टक्के भरली, तो आकडा प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक दाबाला वेगळा. म्हणून एक तक्ता करतात. आडवे सोळा, उभे सोळा, म्हणजे दोनशे छप्पन्न घरे. प्रत्येक घरात एक आकडा. ही घरे बरोबर भरणे, ह्यालाच गाडी जुळवणे म्हणतात.

आपल्याकडे हे सारे उशिरा आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिल्लीच्या हवेसाठी कान उपटले, २००० पासून देशभर धुराचे नियम कडक होत गेले, आणि मोटारींतून कार्बोरेटर निघाला. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहा आले आणि नव्या मोटारसायकलींतूनही तो गेला. पुण्याला वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. आपल्या रस्त्यांवर गाडी कशी चालते ह्याचा एक ठराविक फेरा ठरलेला होता, त्यावर गाड्या तपासत. तो फेरा १०८ सेकंदांचा, आणि त्यातला सर्वांत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर. १०८ हा आकडा कोणी निवडला मला ठाऊक नाही. पण आपल्या रहदारीतून जायचे म्हणजे जपमाळच हवी, हे त्याने अचूक ओळखले.

असो. तर भाच्याने ठरवले, की मामाच्या गाडीला पिचकारी बसवायची. २००१ मध्ये बाउलिंग आणि ग्रिपो ह्या दोघा अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट नावाचे असे यंत्र हौशी लोकांना घरी जोडता येईल, अशा रीतीने खुले केले होते. त्याच जातीची एक पेटी त्याने आणली. घराणे दुसरे. "तारेचं मीटर बसवायला तुमच्या गाडीत जागा नाही, मामा. आपण हिशेबाने काढू." हिशेब हा शब्द ऐकून मी सुखावलो.

मला वाटले, आता तो गाडी रस्त्यावर काढून तक्ता भरायला घेईल. पण त्याने आमच्या हिच्याकडे औषधाची मापे मागितली. एक एक पिचकारी बाटलीत धरून मिनिटभर चालवली आणि किती पेट्रोल पडले ते मोजले. मग पिचकारी उघडायला किती हजारांश सेकंद फुकट जातात ते काढले, कारण बॅटरी उतरली की हा वेळ वाढतो. दाबाचे यंत्र तपासले. तापमानाचे यंत्र आधी बर्फात, मग उकळत्या पाण्यात बुडवले. दोन रविवार गेले, गाडी जागची हलली नाही.

"अरे, तक्त्यात आकडे बदलून भागत नाही का?" मी विचारले.

"भागतं की," तो म्हणाला. "पिचकारीचं माप दहा टक्के चुकलं, तर तक्त्यात दहा टक्के जास्त लिहायचं. गाडी आज छान चालेल. उद्या बॅटरी उतरली, हवा थंड झाली, की सगळं उघडं पडेल. मग कुठली चूक कुठे लपलीय ते ब्रह्मदेवालासुद्धा सापडणार नाही."

मी गप्प बसलो. कारण माझ्या जमाखर्चाच्या वहीत 'किरकोळ' नावाचे एक खाते आहे. महिनाअखेर जे जुळत नाही ते मी तिथे टाकतो. तीस वर्षे वही दर महिन्याला जुळते आहे, आणि पैसे कुठे गेले हे मला तीस वर्षांत कळलेले नाही.

मग रस्ता सुरू झाला. एक्झॉस्टच्या नळीत त्याने प्राणवायू हुंगणारे एक यंत्र बसवले. जळून बाहेर पडलेल्या वाफेत प्राणवायू किती उरला, ह्यावरून आत मिश्रण कसे होते ते ते सांगते. उस्तादांच्या बिस्किटाची ही आकड्यातली आवृत्ती. मी गाडी चालवायची, भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. "मामा, तिसरा गिअर, दोन हजार फेरे, पाय हलवू नका." मी पाय हलवायचा नाही, म्हणजे पुढे म्हैस आली तरी. भिवंडी-वाडा रस्त्यावर ते घर भरायला आम्हाला अकरा खेपा लागल्या. नियम अगदी त्रैराशिकाचा. तक्त्यात ६० लिहिले आहे, हवे होते १४.७ आणि हुंगले गेले १६.२, म्हणजे हवा आपण धरली त्यापेक्षा दहा टक्के जास्त आत गेली, ६० च्या जागी ६६ लिहा. असे एक एक घर. मी त्याला म्हणालो, "आमच्या उस्तादांना ह्यातलं एक घर ठाऊक होतं." तो म्हणाला, "मामा, त्यांना सगळी ठाऊक होती. लिहून ठेवली नव्हती एवढंच."

कारखान्यात वाढलेल्या पोराच्या तोंडून हे ऐकून मला बरे वाटले.

भाऊबीज आली. सकाळी ठाण्याला, इंजिन चालू करण्यापूर्वी, दाबाचा काटा १०१ किलोपास्कल दाखवत होता. जव्हारला चहासाठी थांबून पुन्हा किल्ली फिरवली तेव्हा ९६. गाडीला न सांगता कळले, की आपण वर आलो. सगळी वळणे तिने तोंडातून शब्द न काढता पार केली. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेला जाताना जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले होते म्हणतात. त्यांच्या घोड्यांनी हा चढ कोणताही तक्ता न भरता चढला, हे मी त्या आनंदातही विसरलो नाही.

जामसरला पोचलो तेव्हा उन्हे कलायची होती. ताईने निरांजनात वात घातली होती, पेटवली नव्हती. "आलास?" म्हणाली आणि आत गेली. तिने पदराने डोळे पुसले की हात, ते मला दिसले नाही. ओवाळणे झाले, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी झाली. मग मी मोठ्या ऐटीत म्हटले, "चल ताई, गावातून एक चक्कर मारून आणतो."

ताई मागच्या सीटवर बसली. मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, दोन ढेंगा गेली, आणि मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेली. भाच्याचा चेहरा उतरला. लॅपटॉप उघडला. "तक्ता बरोबर आहे," तो पुटपुटला. "येताना हीच घरं बरोबर होती."

मला गेल्या वर्षीचा ओसरीवरचा आवाज ऐकू येऊ लागला. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे माझा हात गेला. भाच्याने तो वरच्यावर काढून घेतला.

ताई मागून शांतपणे म्हणाली, "त्यात काय काय लिहिलंय ते वाच बघू मोठ्याने." मास्तरीणबाईच ती. भाच्याने वाचले. फेरे इतके, दाब इतका, हवेचे तापमान ६०.

"थांब. हवा साठ अंश? आज नोव्हेंबरात? मला तर तीससुद्धा वाटत नाही."

"आई, ते यंत्र एअर फिल्टरच्या पत्र्याच्या डब्यात आहे, इंजिनाच्या वर..." आणि वाक्याच्या मध्येच तो थांबला.

"अरे, मुलं शाळेत करायची हे," ताई म्हणाली. "गरम चहा पिऊन यायची आणि लगेच थर्मामीटर तोंडात धरायची. ताप आहे, घरी जाऊ का म्हणून. तो डबा तापलाय, हवा नाही तापलेली."

झाले होते ते एवढेच. गाडी चालू असताना डब्यातून थंड हवा वाहत होती, तोवर ठीक. आम्ही जेवायला बसलो, इंजिन बंद होऊन वरचा डबा तापला, त्याबरोबर ते यंत्रही तापले. पेटीला वाटले हवा तापून विरळ झाली. तीस अंशांऐवजी साठ धरले की हिशेबात हवा नऊ टक्के कमी भरते, म्हणून तिने पेट्रोल नऊ टक्के कमी दिले. हिशेब अचूक होता. तक्ता अचूक होता. फक्त विचारायचे ते भलत्यालाच विचारले होते.

भाच्याने ते यंत्र उपसले आणि पुढे, दिव्याजवळ, जिथून बाहेरची हवा आत शिरते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्याने बांधले. डब्याला पडलेले भोक ताईने एका बाटलीचे बूच देऊन बंद केले. किल्ली फिरवली. काटा ३१ वर आला, आणि गाडी अशी सुरू झाली, की जणू काही झालेच नव्हते.

आम्ही गावातून चक्कर मारली. शाळेपाशी ताईने गाडी थांबवायला सांगितली. काच खाली करून थोडा वेळ नुसती पाहत बसली. मी इंजिन बंद केले नाही. ते संथपणे श्वास घेत होते.

परत आल्यावर भाचा तिला म्हणाला, "आई, आता हिला लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर जास्त मिळतात."

"बरं झालं," ताई म्हणाली. "मग वर्षातून एकदा यायचं काही कारण उरलं नाही. महिन्याला येत जा."

रात्री घरी येऊन मी निळी वही काढली. तारीख, लिटर, रुपये, पैसे. 'कोठे गेलो' मध्ये लिहिले, जामसर. मग पट्टी घेऊन त्यापुढे एक नवा रकाना आखला, 'किती वाजता पोचलो'. हा रकाना वडिलांना कधी लागला नव्हता. त्यात लिहिले, पाच वाजून दहा मिनिटे. हवेचा रकाना मात्र अजून आखलेला नाही. फुकट आहे तोवर राहू दे.